शेड हलवण्याआधी

ता. १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. समुद्र वर येतोय, तर तू हातोडी घेऊन त्याच्यापुढे उभा राहणार का, असं विचारलं आहेस. गेल्या तीन वर्षांत या हातांनी काय काय केलं ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

दादाचं घर खांबांवर चढवलं. माणूस थोडा वाकून खालून जाईल एवढं उंच, आणि पायऱ्या मात्र वहिनीच्या गुडघ्यांना सोसतील अशा. विहीर खारट झाली म्हणून घराघराच्या छपरांना पन्हाळी लावून पावसाचं पाणी टाक्यांत घेतलं. पन्हाळीचा उतार असा धरला की पाला अडत नाही आणि पाणी बाहेर उसळत नाही. रिकाम्या पिंपांवर तरंगता धक्का बांधला. भरतीबरोबर तो वर जातो, ओहोटीबरोबर खाली येतो, म्हाताऱ्यांना होडीतून उडी मारावी लागत नाही. मोडीत निघालेल्या फ्रिजांचा फोम काढून बर्फाच्या पेट्या केल्या, कारण पाणी तापलं तसा मासा लांब गेला आणि परत येईपर्यंत बर्फ टिकला पाहिजे. दादाच्या होडीला नवं सुकाणू बसवलं. यातलं मला कोणीही शिकवलेलं नाही. शाळा आठवीत सुटली, बाकीचं सगळं बघून आणि मोडून शिकलो. माझ्या हातची एकही बिजागरी करकरत नाही. खोटं वाटलं तर येऊन बघ.

आता सगळ्यांत मोठं काम पुढे आहे. मागच्या उधाणाला पाणी वाळवणीच्या शेडमध्ये शिरलं. टांगलेली मासळी खालून भिजली आणि गावाची महिनाभराची मेहनत कुजली. बेटांना मदत करणाऱ्या संस्थेच्या इंजिनिअर बाई येऊन मोजून गेल्या. लवकरच ती जागा समुद्राची होणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. त्या म्हणाल्या, शेड पाडू आणि वरच्या अंगाला पत्र्याची नवी बांधू. मी म्हटलं, पाडायची नाही, आहे तशी उचलून नेतो. असलं लाकूड आता विकत मिळत नाही. त्यांनी माझा हिशेब मागितला. मी दिला. त्यात त्यांनी एक चूक काढली. ती खरोखरच चूक होती, मी दुरुस्त केली.

दादा मजेत आहे. माझी थट्टा करणं हा त्याचा धंदा चालूच आहे. मच्छीमाराच्या पोटी जन्मून ज्याला धक्क्यावर उभं राहिलं तरी बोट लागते, त्याने समुद्राला शहाणपण शिकवू नये, असं तो गावभर सांगतो. 

एक विनंती. तुझ्याकडच्या त्या रिकाम्या खोलीविषयी दादाला सारखं लिहू नकोस. वहिनी ते ऐकते आणि मग दोन घास कमी खाते. मी सगळं उंचावर नेऊन ठेवतो. त्या दोघांना बेट सोडावं लागणार नाही, हा माझा शब्द.

तुझी माया आहे ती तशीच असू दे. टोमणे जरा कमी केलेस तरी चालतील.

तुझा
धाकटा


ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी दुकानात मशीनवर बसूनच वाचली. कपडे शिवायला द्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांनाही वाचून दाखवली. बिजागऱ्या करकरत नाहीत हे छान झालं, त्यांच्या वाटणीचं तू करकरतोस. पण मिस्त्री, थट्टा बाजूला. वाचताना अभिमान वाटला. बाबा असते तर तोंडाने काही बोलले नसते, रात्री एकटे जाऊन एकेक खांब हलवून बघून आले असते.

खोलीचं तू म्हणतोस तर दादाला लिहिणार नाही, तुला लिहीन. खोली लहान आहे. खिडकी एकच आणि समोर दुसऱ्याच्या घराची भिंत. पण नळाला गोडं पाणी येतं आणि दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ. दादाने साठी ओलांडली. मासा लांब गेला म्हणतोस, म्हणजे दादाही तेवढाच लांब जातो. होडीवरचा जोडीदार शहरात निघून आल्यापासून तर एकटाच जातो. तुझ्या पेटीत बर्फ टिकेल रे, त्याच्या अंगात जोर किती टिकेल ते तुझ्या हिशेबात धरलंस का?

आता एक सांगते ते नीट वाच. शेड हलवण्याआधी दादाला विचार. एकट्याला गाठून विचार, होडीपाशी, आसपास कोणी नसताना. तो काय म्हणतो ते ऐकून मगच शेडला हात लाव. का, ते मी कागदावर लिहिणार नाही. ते माझं लिहायचं नाही.

तब्येतीला जप. रागावला असशील तर रागातच लिही, पण लिही.

तुझी
ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेड हलली. एकही फळी तडकली नाही.

आधी एकेक खांब पायापासून सुटा केला आणि जॅकवर तोलला. खाली लांब वाशांची वाट केली, तिच्यावर गोल ओंडके टाकले. चारही कोपऱ्यांना दोरखंड बांधले, दोन ओढायला, दोन मागून आवरायला. आतल्या चौकटीवर पाणी भरलेली बाटली आडवी बांधली होती. तिच्यातला बुडबुडा मधून हलला की मी हात वर करायचो आणि सगळं गाव जागच्या जागी थांबायचं. सकाळी निघालेली शेड दिवे लागायच्या आत वर पोचली. जुन्या जागेपासून थेट वर नाही, थोडी उगवतीच्या अंगाला, कारण पक्का खडक तिथे लागला. समुद्राकडची त्रिकोणी भिंत मी स्वतः पुन्हा पांढरी केली, दोन हात दिले. बाई म्हणाल्या की असं काम त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही, त्या म्हणाल्या म्हणून लिहितो.

तुझं पत्र वाचून राग आला होता, लपवत नाही. दोराला गाठ कशी मारायची तेही आता शहरातून कळवशील. तरी तुझा मान ठेवला आणि दादाला विचारलं. बाईंनी सभा बोलावली होती. तिथे त्यांनी सगळ्यांना विचारलं की या इमारतीचा वाळवणीशिवाय कोणाला काही उपयोग होतो का, असेल तर आत्ताच सांगा. मीच उत्तर दिलं. म्हटलं, वाळवणीच्या शेडचा उपयोग वाळवण, आता काय लग्नं लावायची का तिथे? सगळे हसले. मग तुझी आठवण झाली म्हणून तिथेच, सगळ्यांदेखत दादाला विचारलं की तुला काही म्हणायचं आहे का. एकट्याला गाठून विचारायला मी काय चोरी करतोय? दादा थोडा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत बसला आणि म्हणाला, हलव. ओढायच्या दिवशी पहिला दोर त्यानेच धरला.

हल्ली तो लख्ख उजेडात घरी येतो. मी त्याला चिडवलं की म्हातारपण आलं, अंधाराची भीती वाटायला लागली. यावर तो नुसता हसला. परवा होडी बांधून झाल्यावर बराच वेळ वर शेडकडे बघत उभा होता. मी विचारलं, काही तिरकं दिसतंय का? म्हणाला, नाही, सरळ आहे, तुझं काम सरळच असतं. दादाच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

तुझा आशीर्वाद असाच पाठीशी राहू दे.

तुझा
धाकटा


ता. ८ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

शेडचं वाचलं. शाबास. एकट्याला गाठून विचार, असं मी का लिहिलं होतं ते तुला कळलं नाही, आणि आता होऊन गेलं त्यावर बोलून उपयोग नाही.

दादा उजेडात येतो हे चांगलं आहे. तरी एक सांग. मासा लांब आणि हा लवकर परत, म्हणजे अर्ध्यातूनच वळत असणार. होडीत येतं काय? वहिनीला विचारलं तर ती मला खरं सांगायची नाही, माझी खोली तयार आहे हे तिला माहीत आहे. तू बघ. पेट्या उघडून बघ.

आणि त्याला माझं एवढंच सांग, की येताना उजेड असू दे. कमी मिळालं तरी चालेल.

इकडे उकाडा असा आहे की शिवताना कापड हाताला चिकटतं. पाहुणी म्हणून चार दिवस तरी वहिनीला पाठव. तेवढ्याने तुझा शब्द मोडणार नाही.

तुझी
ताई


ता. २७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला एवढंच बोलता आलं की दादा गेला. मग तू आलीस, राहिलीस, परत गेलीस. इतके दिवस आपण एका छपराखाली होतो आणि बोललो काय, तर पाणी भरलं का आणि वहिनीने दोन घास खाल्ले का. म्हणून आता लिहितो. मला सगळं जसं झालं तसं लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

तू सांगितल्याप्रमाणे मी पेट्या उघडून पाहिल्या होत्या. तळाला मूठभर मासे असायचे. एका होडीवाल्याने दादाला सगळ्यांसमोर म्हटलं की तुझ्या भावाच्या पेट्या भारी आहेत, बर्फ घेऊन जातोस आणि बर्फच घेऊन येतोस. दादाला ते लागलं असावं. दुसऱ्या दिवशी तो पहाटे निघाला आणि लांब गेला. पेट्या भरलेल्या सापडल्या, बर्फही शाबूत होता.

परतताना संध्याकाळ झाली आणि वाऱ्याबरोबर पाऊस आला. फार मोठा नव्हे. धक्क्यावर माणसं होती, त्यांनी त्याचा दिवा पाहिला. ते सगळे एकच सांगतात की दिवा डगमगत नव्हता. होडी सरळ आली, वाटेवर असल्यासारखी, आणि खडकांमधली मोकळी वाट सोडून शेजारच्या खडकावर गेली. ज्या वाटेने तो चाळीस वर्षं आला तिच्या एवढ्या जवळ.

मला वाटलं, माझं सुकाणू. मी बसवलेलं. तू इथे असताना मी रोज किनाऱ्यावर जायचो ते याच्यासाठी. होडीचा मागचा भाग वर आणून मी सुकाणू सोडवलं. खीळ शाबूत आहे, बिजागरी शाबूत आहे, दांडा मोकळा फिरतो. तीनदा खोलून बघितलं. इंजिन दुसऱ्याकडून तपासून घेतलं, कारण माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नव्हता. तेही ठीक होतं. म्हणजे काहीच मोडलं नव्हतं. दादाने स्वतःच्या हाताने सुकाणू तिकडे वळवलं.

मग का वळवलं? दोन आठवडे हाच प्रश्न घेऊन बसलो आहे. दादा पाण्यात चुकणारा माणूस नव्हता. तुला काही माहीत असेल तर सांग. जायच्या आदल्या दिवशी तू तिन्हीसांजेला धक्क्यावर उभी राहून वर बघत होतीस आणि मी आलो तशी घाईने वळलीस. ते मी पाहिलं होतं.

वहिनी दिवसभर पायरीवर बसते.

माया असू दे. आता तूच एक मोठी उरलीस.

धाकटा


ता. १० जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता लिहिते ते वाचून झाल्यावर एकटा बसू नकोस, वहिनीपाशी जाऊन बस.

लहानपणी बाबा दादाला आणि मला होडीत घेऊन जायचे. तुलाही नेत होते, पण तुला ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून तू किनाऱ्यावर राहिलास आणि हातात सुताराची पटाशी घेतलीस. खडकांमधल्या वाटेने आत यायचं तर दिवसा पाण्याचा रंग बघून येता येतं. अंधारून आलं की रंग दिसत नाही, मग जमिनीवरच्या दोन खुणा एकाखाली एक धरायच्या. त्या जुळल्या की होडी वाटेवर आहे. प्रत्येक घराची वाट थोडी वेगळी आणि खुणाही वेगळ्या. बाप त्या समुद्रावरच दाखवतो, तेही बोट न दाखवता, नुसत्या नजरेने. जमिनीवर पाय ठेवल्यावर त्यांचं नाव काढायचं नसतं. बोलून दाखवलेली खूण दगा देते, असं बाबा म्हणत. भावालाही सांगायची नाही, तो होडीत आला तर त्याने बघून घ्यायची.

आपल्या घराच्या खुणा म्हणजे टेकडीवरचं एकटं झाड आणि त्याखाली शेडची पांढरी भिंत.

आता तुला सगळं कळलं असेल. तू चार माणसांत विचारलंस. दादाने तिथे काय सांगायचं होतं? खूण उघडी करायची, की कारण न देता भावाचं एवढं मोठं काम अडवायचं? एप्रिलमध्ये मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, नवी खूण धरली आहे, हळूहळू डोळ्यात बसेल, धाकट्याला काही बोलू नकोस, त्याने जिवाचं रान करून शेड वर नेली आहे. तोवर उजेडात येईन म्हणाला. त्या संध्याकाळी तो थकलेला असणार. पावसातून वर बघितलं असेल तेव्हा झाड दिसलं आणि पांढरी भिंत दिसली. चाळीस वर्षांची नजर. ती जुन्या सवयीने भिंत झाडाखाली धरायला गेली, आणि भिंत तर उगवतीला सरकलेली.

तुझं काम वाकडं नव्हतं. मी लिहायला हवं होतं. बाबांचं ऐकून कागदावर लिहिलं नाही आणि तुझ्यावर सोडून दिलं. ते मी माझ्यापुरतं ठेवते, तू त्यातलं काही उचलू नकोस.

शेड परत खाली नेण्याचं वेड डोक्यात घेऊ नकोस. वहिनीला माझ्याकडे पाठव. दादाला बेट सोडावं लागू नये म्हणून तू शब्द दिला होतास. आता तो शब्द कोणासाठी पाळणार?

जेवत जा.

तुझी
ताई


ता. ३० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचल्यावर तू सांगितलंस तसा वहिनीपाशी जाऊन बसलो. तिलाही खुणेचं माहीत नव्हतं, बायकोलाही सांगायचं नसतं. मी सांगितलं.  ती म्हणाली, तरीच ते रोज संध्याकाळी पायरीवर बसून शेडकडे बघायचे, मला वाटायचं भावाचं कौतुक बघतायत.

ऑगस्टच्या उधाणात शेडची जुनी जागा गेली. पाया, खांबांखालचे दगड, बाजूचा बांध, काही राहिलं नाही. शेड तिथे असती तर ती गेली असती, आणि आत ठेवलेल्या गावाच्या जाळ्यांसकट सगळं गेलं असतं. म्हणजे हलवायला हवीच होती. आणि ती हलवली म्हणून दादा गेला. दोन्ही खरं आहे. मी आयुष्यभर लाकडाचे सांधे जुळवले, हे दोन तुकडे मात्र माझ्याच्याने जुळत नाहीत.

पांढऱ्या भिंतीला मी काळा रंग दिला, कोणाची नजर पुन्हा तिकडे जायला नको. जुन्या जागी, जिथे आता भरतीला छातीभर पाणी असतं, तिथे एक जाड खांब रोवला आणि त्यावर तेवढ्याच मापाचा पांढरा फळा बसवला. लाटा त्याला हलवतात. दर उधाणानंतर तणाव्याचे दोर पुन्हा आवळावे लागतात. आपल्या घरातून आता समुद्रावर जाणारं कोणी नाही, तरी फळा हवा असं मला वाटलं.

मग मी एकेका होडीवाल्याकडे गेलो. एकट्याला गाठून. होडीपाशी, आसपास कोणी नसताना. म्हटलं, सांगू नका, पण पुढे मला तुमच्या छपरांना, भिंतींना, झाडांना हात लावावा लागणार आहे. काय हलवायचं नाही ते कळलं पाहिजे. बहुतेक जण जाळी आवरायला लागले. पेट्यांवरून दादाला बोलला होता तो मात्र दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला, चल होडीत. जाताना ओकलो, येताना ओकलो. खडकांपाशी आल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे बघितलं, एवढंच. त्याने बघितलं तिथे मीही बघितलं. किनाऱ्याला लागल्यावर त्याने मला बादलीभर पाणी दिलं आणि म्हणाला, तुझा भाऊ म्हणायचा ते खोटं नव्हतं. त्यानंतर बाकीचेही नेऊ लागले. दोन घरं अजून राहिली आहेत.

बाई आल्या होत्या. मी सगळं सांगितलं, खुणांची नावं सोडून. त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि उत्तर मी दिलं होतं, हेही सांगितलं.  कोणाला उपयोग होतो का, असं यापुढे सभेत विचारणार नाही, एवढंच म्हणाल्या.

वहिनी पुढच्या बोटीने तुझ्याकडे येते आहे. चार दिवसांसाठी नाही, राहायला. मी थांब म्हणालो नाही. तिची ट्रंक मी बांधून दिली आहे. तिच्या गुडघ्यांना तुमचा जिना जड जाईल, कठडा किती उंच आहे ते मोजून कळव, मी हाताला बसेल असा लाकडी दांडा करून पाठवतो. खिडकीसमोर भिंत आहे म्हणालीस ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बरंच आहे.

घर खांबांवर तसंच आहे. खालून पाणी येतं आणि जातं. आत कोणी नाही.

मला शिव्या घालायच्या असतील तर तेवढ्या घाल, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा
धाकटा

ता. क. तुला वहिनीकडून कळेलच, त्याआधी मीच लिहितो. बाईंच्या संस्थेने मला कायमची नोकरी देऊ केली होती. आजूबाजूच्या सगळ्या बेटांवर फिरायचं, शेडी आणि घरं वर न्यायची, हाताखाली माणसं, कागदावर माझी सही. आठवी शिकलेल्या माणसाला. मी रात्रभर विचार केला. तिथे मला होडीत कोण नेणार आहे? मी चार माणसांत विचारीन, कोणीतरी स्वतःच्या पायांकडे बघेल आणि म्हणेल, हलव. मी नाही म्हणून कळवलं. महिना साठ हजार देत होते, राहायची सोय वेगळी.